एकाच जातीचं घराणं

श्रावणाची झड लागून गेली की भिलाईत कुठलीच भिंत आपल्या मूळ रंगाची राहत नाही. उत्तरेकडच्या अंगाला आधी नुसती हिरवट झाक येते. ती हळूहळू काळपट होते. ज्या जुन्या कंपाउंडवर वर्षानुवर्षं कुणी ब्रश फिरवलेला नाही, तिथे राखाडी चकत्या उमटतात. मधूनच तांबूस डाग दिसतात. पोलादाच्या गावात तांबूस काही दिसलं की माणसं धुळीवर बोट ठेवून मोकळी होतात, पण त्यातला काही तांबडेपणा चक्क शेवाळाचा असतो. ट्रेंटेपोहलिया म्हणून एक शेवाळ आहे. गोत्र हिरव्या शेवाळांचं, पण गाजरात असतं त्या प्रकारचं रंगद्रव्य पेशींत गच्च भरलेलं, म्हणून दिसायला नारिंगी.

याच दिवसांत भिंतीवर ते येतात. बोटाच्या पेराएवढे, काळसर, अंगभर ताठ केसांचे सुरवंट. एक दिसला की नीट बघावं, आजूबाजूला आणखी असतातच. डोकं खाली घालून ते भिंत खरवडत सरकतात. पानं खात नाहीत, कुंडीतल्या तुळशीला हात लावत नाहीत, धान्याच्या डब्याशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. त्यांना फक्त भिंत हवी, म्हणजे भिंतीवरचं शेवाळ आणि दगडफूल. तरी आमच्या गल्लीत त्यांच्याइतका नकोसा पाहुणा दुसरा नाही, कारण ते केस. दोरीवरच्या टॉवेलवरून एखादा गेला असला तरी मान दिवसभर खाजते. शेजारी त्यांना कंबल कीड़ा म्हणतात. त्यांच्यासाठी झाडू, रॉकेल आणि उकळतं पाणी अशी चढती शिक्षा ठरलेली आहे. चुकून घरात शिरलेले दाराच्या चौकटीच्या मागे, नाहीतर छताच्या कोपऱ्यात जागा धरतात, स्वतःचे केस रेशमात गुंफून पातळसा कोश विणतात आणि गप्प होतात.

मी जीवशास्त्र शिकवत होते, त्यामुळे कोश दिसला की झाडू बाजूला ठेवायची सवय लागलेली. असाच एक फुटला आणि नारिंगी-पिवळ्या पंखांवर काळ्या रेघा नि पट्टे असलेला छोटा पतंग बाहेर आला. रंगाच्या बाबतीत हा मोठा लहरी आहे. एक उजळ, तर त्याच्या शेजारचा धुरकटलेला. नाव नेपिटा कॉन्फर्टा. भारतात आणि श्रीलंकेत सापडतो. शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द त्याच्या जातीचा आणि पहिला प्रजातीचा, हे मी पोरांना फळ्यावर लिहून द्यायची. या पतंगाची गंमत अशी की त्या पहिल्या शब्दाखाली दुसरं कुणीच नाही. नेपिटा या प्रजातीत कॉन्फर्टा ही एकच जाती. भाऊ नाही, चुलतभाऊ नाही. कुल मोठं आहे, पट्टेरी, ठिपकेदार, भडक कपड्यांच्या पतंगांचं. त्यात दगडफुलांवर जगणाऱ्यांची एक भलीमोठी शाखा आहे, आणि त्या शाखेत हे एकट्याचं घराणं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मन थोडं हळवं झालं, हे खरं. एकटा म्हटलं की आपल्याला लगेच कणव येते. पण बाहेर येऊन भिंत बघितली तर तिथे त्यांची जत्रा भरलेली. एकटेपणाची काही खूण नाही. मग हा एकटेपणा आहे कुठे?

तो आहे लंडनमध्ये, एका यादीत. फ्रान्सिस वॉकर नावाच्या गृहस्थांनी 1854 मध्ये या पतंगाचं पहिलं वर्णन छापलं. वॉकर ब्रिटिश म्युझियमसाठी कीटकांच्या याद्या करत. जगभरातून येणाऱ्या पेट्या उघडायच्या, टाचणीला टोचलेले मृत जीव बघायचे, चार ओळी लिहायच्या, नाव द्यायचं. अशा हजारो जातींना त्यांनी नावं दिली, आणि त्यांतल्या कितीतरींना त्याआधीच कुणीतरी नाव देऊन ठेवलेलं होतं, हे पुढच्या पिढ्यांना निस्तरावं लागलं. एकच रंगबदलू पतंग तीन पेट्यांतून आला तर त्याचे तीन वेगळे जीव होण्याची सोय त्या घाईत होती. नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या फ्रेडरिक मूर यांनी या पतंगासाठी नेपिटा ही स्वतंत्र प्रजाती उभी केली. सन 1860. त्या संग्रहालयातल्या फुलपाखरांची नि पतंगांची यादी मूर आणि थॉमस हॉर्सफील्ड यांनी मिळून छापली होती. गंमत बघा, यादीचं काम चाललेलं असतानाच, 1858 मध्ये, कंपनीचं राज्य संपलं. राज्य गेलं, यादी राहिली.

1854 हे साल आम्हा नागपूरकडच्यांच्या ध्यानात वेगळ्या कारणाने असतं. तिसरे रघुजी भोसले 1853 च्या डिसेंबरात वारले, पोटी वारस नव्हता, आणि डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. छत्तीसगड त्या राज्यातच होतं. पूर्वी याच घराण्यातले बिंबाजी भोसले रतनपुरात राहून इथला कारभार बघत. तिथल्या टेकडीवर त्यांनी बांधलेलं रामाचं देऊळ आहे आणि त्या टेकडीला लोक रामटेकरी म्हणतात. नागपूरकराने नाव ऐकताच ओळखावं की रामटेक सोडून आलेल्या माणसाने ते ठेवलं असणार. म्हणजे लंडनच्या दप्तरात एकाच वर्षी दोन नोंदी झाल्या. एका राज्याची वंशावळ इथेच संपते असा निकाल दिला गेला आणि एका पतंगाची सुरू झाली. दोन्हीकडे ज्याच्याबद्दल निर्णय होता त्याला कुणी विचारलं नव्हतं. पतंगाचं त्यात काही बिघडलं नाही, एवढाच फरक, आणि तो लहान नाही.

एकट्याची प्रजाती होते कशी, याच्या दोन वाटा आहेत. एक खरोखरच शोकाची. घर भरलेलं होतं, बाकीचे गेले, एक उरला. गिंको हा वृक्ष तसा. त्याच्या सगेसोयऱ्यांची पानं आता दगडांतच सापडतात. आपली स्वतःची गत यापेक्षा फार वेगळी नाही. निअँडरथल माणसं सुमारे 40 हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली. आज होमो या आडनावाचे जिवंत आपण तेवढेच उरलो, आणि त्याबद्दल सकाळी उठून कुणी रडत बसत नाही. दुसरी वाट कचेरीतली. अभ्यासकाच्या हातातला जीव कुठल्याच खणात नीट बसत नाही. इथे ठेवला तर मिशा वेगळ्या, तिथे ठेवला तर पंखांच्या शिरा वेगळ्या. शेवटी तो त्याच्यापुरता एक खण करतो. नेपिटाच्या मागे किती नातलग होऊन गेले असतील ते पतंगाच्या नाजूक अंगाने दगडात लिहून ठेवलेलं नाही. खण मात्र मूर यांनी केला हे नक्की.

एकदा हे लक्षात आलं की अशी एकटी घराणी आपल्या अंगणातच दिसू लागतात. चिंच घ्या. टॅमरिंडस या प्रजातीत चिंचेखेरीज कुणी नाही. नारळ घ्या. कोकोस या प्रजातीतला आजचा एकमेव जिवंत सभासद तो, आणि त्याच्याशिवाय आपलं एक मंगलकार्य पार पडत नाही. नीलगाय तशीच. चौशिंगाही तसाच. छत्तीसगडच्या जंगलात मोहाची फुलं खायला उतरणारं आपलं काळं अस्वल घ्या. त्याचे लांब नखांचे पंजे बघून जॉर्ज शॉ यांनी 1791 मध्ये त्याला अमेरिकेतल्या झाडाला लटकणाऱ्या स्लॉथच्या प्रजातीत घातलं होतं! इंग्रजीत ते अजूनही स्लॉथ बेअरच आहे. नंतर त्याच्यासाठी मेलर्सस ही वेगळी प्रजाती झाली, त्याच्या एकट्याची. आता काही अभ्यासक म्हणतात की त्याला इतर अस्वलांच्याच खणात का ठेवू नये. अस्वल या सगळ्या काळात वारुळं फोडून वाळवी खात आलेलं आहे.

तेव्हा माझं मत असं की जातीला थोडाफार आधार जमिनीवर असतो, कारण कोण कुणाशी जुगतं हे जीव स्वतः ठरवतात. प्रजाती मात्र माणसाचं मत असते. चांगलं, अभ्यासलेलं, उपयोगी, पण मतच. शास्त्रज्ञ मित्र या वाक्यावर भांडतील. भांडावं. आता तर जनुकं वाचून नाती जुळवतात आणि जुन्या खणांची भराभर मोडतोड चालू असते. पंखांवरून केलेले कितीतरी निवाडे त्या कोर्टात टिकलेले नाहीत.

नेपिटाच्या एकटेपणापेक्षा मला त्याचं जेवण अधिक विचार करण्याजोगं वाटतं. दगडफूल आपणही खातो, पण ते विसरलेले असतो. आमच्याकडे गोडा मसाला होतो तो नागपूरच्या इतवारीतून आणलेल्या दगडफुलाशिवाय होत नाही. सावजी रश्श्याचा काळा मसालाही त्याच्यावाचून अडतो. हातात घेतलं तर वाळकं, कागदासारखं, एका बाजूने राखाडी, दुसरीने काळं. तेलात पडलं की घरभर वास. मसाल्यातलं दगडफूल झाडांच्या सालीवरून नि खडकांवरून काढलेलं मोठ्या पानांचं असतं आणि भिंतीवरच्या चकत्या त्याचे गरीब नातलग, एवढंच. शेजारणीला मी सांगितलं की सुरवंट जे खातात तेच थोड्या फरकाने तुझ्या बिर्याणीत असतं, तर तिने दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं.

हे दगडफूल एकटं नसतंच. ते वनस्पती दिसतं, पण आहे एक बुरशी आणि तिच्या आसऱ्याला राहणारं शेवाळ. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. शेवाळ उन्हात अन्न तयार करतं. ही भागीदारी 1867 मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी मांडली, तेव्हा भल्याभल्यांनी त्यांना हसण्यावारी नेलं. विरोध करणाऱ्यांत दगडफुलांचे त्या काळातले मोठे जाणकार विल्यम नायलँडर होते. म्हणजे मूर यांनी नेपिटाला एकटं पाडलं तेव्हा त्याच्या ताटातली वस्तू एक आहे की दोन, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आणि आजही दगडफुलाला शास्त्रीय नाव दिलं जातं ते त्यातल्या बुरशीचं. संसार दोघांचा, दारावर पाटी एकीची. दोघांनी मिळूनच जगणारी वस्तू खाऊन जगतो तो यादीतला एकटा. या विसंगतीची मला मनापासून मजा वाटते.

त्याच नायलँडर यांनी 1866 मध्ये एक निरीक्षण छापलं. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवर तऱ्हेतऱ्हेची दगडफुलं दिसतात, शहरात इतरत्र ती तशी दिसत नाहीत. अर्थ असा की बागेतली हवा बरी आहे. दगडफुलाला मूळ नाही, वरची राखणारी साल नाही. पाणी आणि हवा यांतून जे येईल ते सगळं अंगात मुरतं. कोळशाच्या धुरातला गंधक त्याच्या बहुतेक जातींना सोसत नाही. म्हणून हवेची पारख करायला आजही जगभर दगडफुलं मोजतात. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि लखनौला त्यांचे मोठे संग्रह आहेत.

भिलाईत बसून हे वाचताना साहजिकच खिडकीबाहेर नजर जाते. या गावाचा जन्मच भट्टीतला. सोव्हिएत संघाशी 1955 मध्ये करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरातलं लोहखनिज इथे येतं आणि रूळ होऊन देशभर जातं. जिथे कोक जळतो तिथे गंधक आलाच. पण टाउनशिप वसवताना झाडं लावली ती सढळ हाताने. सेक्टरच्या रस्त्यांवर भर उन्हात सावलीतून चालता येतं, आणि पावसाळ्यात त्या सावलीत ओल टिकते. आमच्या भिंतीवर जे उगवतं ते बहुतेक साधं शेवाळ आणि चिवट, काटक दगडफूल. मसाल्यातलं पानांचं दगडफूल मी इथल्या एकाही झाडावर पाहिलेलं नाही. नेपिटाच्या सुरवंटाला ही निवड परवडते. नाजूक खाणाऱ्याने पोलादाच्या गावात राहायचं म्हटलं असतं तर कठीण होतं.

काय खातो यावर त्याचं संरक्षणही थोडंफार अवलंबून असावं. दगडफुलं कडवट रसायनं तयार करतात, आणि त्यांच्यावर पोसल्या जाणाऱ्या या शाखेतल्या काही पतंगांच्या अंगात ती रसायनं साठलेली आढळली आहेत. भडक रंग म्हणजे पाखरांना इशारा. याच कुलातले काही पतंग तर वटवाघूळ अंगावर आलं की आपल्याला ऐकू न येणारी टिकटिक करून त्याला गोंधळात टाकतात. आमचा नेपिटा हे करतो का, ते मला ट्यूबलाइटखाली बसून कळणार नाही. तो पालीला भीत नाही, एवढं मात्र पाहिलेलं आहे. पाल एकदा तोंड मारते आणि मग त्याच्या वाटेला जात नाही.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा आमच्या गल्लीत मराठी घर आमचं एकच. समोर मल्याळी, डावीकडे बंगाली, पलीकडे तेलुगू, कोपऱ्यावर सरदारजी. प्लांटने अख्खा देश क्वार्टरांत बसवला होता. जनगणनेचे गुरुजी आले, त्यांनी मातृभाषेच्या रकान्यात आमच्यापुढे जे लिहिलं ते त्या गल्लीत दुसऱ्या कुणापुढे आलं नाही. सासूबाईंना याचं फार वाईट वाटे. ‘आपलं इथे कुणी नाही,’ हे त्यांचं पालुपद. पण त्याच सासूबाई मल्याळी काकूंकडून केळफुलाची भाजी शिकल्या आणि पोळ्याला छत्तीसगढी बायकांबरोबर बसून ठेठरी-खुरमी तळू लागल्या. गणपतीत मंडळात गेलं की सगळ्या सेक्टरांतले मराठी एकत्र दिसायचे आणि मग त्यांना माणसांची गर्दी नकोशी व्हायची! गल्लीची यादी केली तर आम्ही एकटे, गावाची केली तर शेकडो. यादी कोण करतो आणि कुठे रेघ मारतो, त्यावर सगळं.

या भागात ही रेघ फार विचित्र जागी पडलेली दिसते. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं ते हिंदीत, आणि ‘दासबोध’ नि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. गजानन माधव मुक्तिबोध शेवटची काही वर्षं इथून तासाभराच्या अंतरावर, राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात शिकवत होते. घरची भाषा मराठी, कविता हिंदी. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी, कादंबरीकार, समीक्षक. एका आईची दोन मुलं. कुठल्याही ग्रंथालयात जा, थोरल्याची पुस्तकं एका दालनात, धाकट्याची दुसऱ्या, मधे जिना. हिंदीच्या पोरांना धाकटा ठाऊक नसतो, मराठीच्यांना थोरला ऐकून माहीत असतो. ग्रंथपालाची चूक काढता येत नाही. पुस्तक कुठेतरी ठेवावंच लागतं, आणि एकच पुस्तक दोन कपाटांत राहू शकत नाही. मूर यांचीही अडचण हीच होती. पण त्या दोन भावांमधला जिना खरा मानून कुणी पुढचा सिद्धांत रचू लागला, तर त्याला थांबवायला हवं.

उद्या सह्याद्रीत किंवा श्रीलंकेच्या एखाद्या डोंगरात नेपिटाचा दुसरा भाऊ सापडला, किंवा जनुकांचा कुणी जाणकार म्हणाला की ही प्रजाती शेजारच्या प्रजातीत विलीन करा, तर वॉकर-मूर यांनी दिलेलं एकटेपण एका शोधनिबंधात संपेल. तसं व्हावं असं मला वाटतं का? खरं सांगायचं तर नाही. वर्गात सांगायला ती गोष्ट फार चांगली होती. पोरं चिंचेचं नाव ऐकून खुश व्हायची, अस्वलाचं ऐकून त्याहून.

यंदा दिवाळीआधी घराला रंग काढायचा आहे. रंगारी बघून गेला. तारेच्या ब्रशने सगळं खरवडून, प्रायमर मारून, वर शेवाळ न धरणारा रंग लावू म्हणाला, पाच वर्षं काही उगवणार नाही. मी पुढच्या तीन बाजू दिल्या आणि मागची कंपाउंडची भिंत राहू दे म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही, पैसे कमी झाले याचंच त्याला वाईट वाटलं. कामाला येणाऱ्या बाईंनी मात्र विचारलं. त्या कपडे वाळत घालतात त्याच बाजूला ती भिंत आहे. ‘कीरा मन ला काबर पोसत हव दीदी?’ मी चिंच, नारळ, अस्वल असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी कपड्यांची दोरी सोडून पुढच्या अंगणात बांधली.